मेंदूतलं संप्रेरक कमी पडलंय, ते बाहेरून द्यावं का?

पत्राचा गोषवारा: बीड जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३३, खासगी शाळेत शिक्षिका. आई ५९ वर्षांच्या. उमेदीची सगळी वर्षं त्या ऊसतोडीला गेल्या, ३२व्या वर्षी त्यांची गर्भाची पिशवी काढली. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान झालं. लेव्होडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे, पण ती आता पहिल्यासारखी लागू पडत नाही. या भगिनींनी मोबाईलवर एका व्हिडिओत ऐकलं, की मेंदू स्वतःच काही स्टेरॉइड संप्रेरकं बनवतो, पार्किन्सन्समध्ये ती घटतात आणि ती भरून काढली की आजार मुळातून थांबतो. ओळखीच्या एका विक्रेत्याने डीएचईए नावाच्या स्टेरॉइड संप्रेरकाच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. भावाने एका गावाहून 'देशी' पुड्या आणल्या आहेत, पाच महिन्यांपासून आई त्या घेतात आणि त्यांना तरतरी वाटते. भाऊ म्हणतो, उचलीतले, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेले, पैसे कॅप्सूलला लावू, मोठ्या डॉक्टरकडे जाऊन काय मिळणार. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "पिशवी काढली नसती तर आईला हे झालंच नसतं ना? आजीनं आणि बापानं तिला ऑपरेशनला पाठवलं. आता माझ्या अंगावरून पांढरं जातं, तर मलाही डॉक्टर पिशवी काढून टाका म्हणतात. मी काय करू?"

ताई,

तुम्ही विचारलंय कॅप्सूलचं, पण मी पुड्यांपासून सुरुवात करते, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही.

मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही, आणि पुडीत काय आहे हे नुसती पुडी बघून कुणालाच सांगता येत नाही. पण नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, आणि घेतल्यावर थोड्याच दिवसांत भूक लागते, अंगदुखी पळते, तरतरी येते, असं असेल तर त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखं स्टेरॉइड कुटून मिसळलेलं असल्याची दाट शंका घ्यावी लागते. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या अशा पुड्यांमध्ये हे सापडत आलेलं आहे. ही औषधं वाईट नाहीत, योग्य आजारात ती जीव वाचवतात. गरज नसताना महिनोन्‌महिने पोटात गेली तर मात्र साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, अंगात दबून राहिलेला क्षय उसळू शकतो. पार्किन्सन्सवर त्यांचा काहीही उपाय होत नाही. आईंना बरं वाटतंय ते खरं आहे, पण बरं वाटणं आणि आजार थांबणं या दोन गोष्टी आहेत.

आता महत्त्वाचं. हे वाचून उद्या सकाळी पुड्या एकदम बंद करू नका. अशी औषधं काही आठवड्यांहून जास्त घेतली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. अचानक पुडी थांबली तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन याच आठवड्यात एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा. पाच महिन्यांपासून घेतायत हे स्पष्ट सांगा, लाज वाटू देऊ नका. साखर, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम तपासून ते पायरीपायरीने बंद करण्याचा मार्ग सांगतील.

पुडीतलं हे स्टेरॉइड आणि व्हिडिओतलं स्टेरॉइड एक नव्हे. कोलेस्टेरॉलपासून शरीर जे रेणू बनवतं त्यांचं हे मोठं कुळ आहे. कॉर्टिसॉल त्यातलं, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन त्यातलेच, ड जीवनसत्त्वही याच कुळाचं नातेवाईक. कुळ एक असलं तरी प्रत्येकाचं काम वेगळं. त्यामुळे एकाने तरतरी आली म्हणून दुसऱ्याने मेंदू सावरेल, असा हिशोब बसत नाही.

व्हिडिओतला अर्धा भाग खरा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. तुम्ही स्वतः शिकवता, म्हणून जरा तपशिलात सांगते. १९८१ साली फ्रान्समधले संशोधक एतिएन-एमिल बोलिय्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत डीएचईएचं एक रूप मोजलं. त्यांनी अधिवृक्क आणि जनन ग्रंथी काढून टाकल्या, तरी मेंदूतलं प्रमाण टिकून राहिलं. म्हणजे मेंदू हे रेणू नुसते रक्तातून घेत नाही, आपले आपण बनवतो. अशा रेणूंना न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात, कोलेस्टेरॉल शिरतं, तिथे त्याचं प्रेग्नेनोलोन होतं, त्यापासून प्रोजेस्टेरॉन आणि पुढे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, कारण पार्किन्सन्सच्या संदर्भात सगळ्यात जास्त बोललं जातं ते याच्याबद्दल. मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचं काम पेशींची उत्तेजना शांत करण्याचं आहे. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन गाबाचा हा परिणाम वाढवतं. झोप, चिंता, मनाची स्थिती, फिट्स, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे.

२००३ साली इटलीतल्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या रक्तात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन कमी असल्याचं नोंदवलं. पुढे मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासात, सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात, म्हणजे जिथल्या डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात तिथेच, ते बनवणाऱ्या एका एन्झाइमचं काम मंदावलेलं दिसलं. तेव्हा 'पार्किन्सन्समध्ये ही संप्रेरकं घटतात' हे वाक्य कुणी हवेतून काढलेलं नाही.

अडचण त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. 'घटतात म्हणून आजार होतो, म्हणून भरून काढा.' तुमच्या भागात ऑगस्टमध्ये जास्तीच्या पावसाने काळ्या रानात पाणी साचलं की कपाशी पिवळी पडते. पानात नत्र कमी असतं हे खरं असतं. पण ते कमी असतं कारण मुळं पाण्यात गुदमरलेली असतात, आणि पाणी काढून दिल्याशिवाय बुडाशी कितीही युरिया टाकला तरी पीक हिरवं होत नाही. न्यूरोस्टेरॉइडच्या बाबतीत अशीच शंका घ्यायला जागा आहे. त्यांची पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियात घडते असं वर म्हटलं. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत याच मायटोकॉन्ड्रियाच्या कामात बिघाड असतो, हे १९८९ सालापासून माहीत आहे. मग संप्रेरक कमी झाल्याने पेशी आजारी पडल्या, की पेशी आजारी पडल्याने संप्रेरक कमी झालं? बहुधा दोन्ही थोडं थोडं असेल, पण ज्या माणसाने तुम्हाला कॅप्सूल सुचवली त्याने हा प्रश्नच विचारलेला नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचाही व्हिडिओत दाखला असेल. एमपीटीपी नावाचं विष आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुणांनी भेसळीच्या मादक पदार्थातून ते टोचून घेतलं आणि काही दिवसांत त्यांचं शरीर पार्किन्सन्ससारखं ताठरलं. तेव्हापासून हे विष देऊन उंदरांमध्ये आजार निर्माण करतात आणि औषधं तपासतात. अशा उंदरांना इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉन किंवा डीएचईए दिल्यावर डोपामाइनच्या पेशी काही प्रमाणात वाचतात, असे बरेच प्रयोग आहेत. पण तिथे संप्रेरक बहुतेकदा विषाच्या आधी किंवा त्याच्या आसपास दिलेलं असतं. माणसाचा हात थरथरायला लागतो तेव्हा त्या भागातल्या पेशींचा मोठा वाटा आधीच गेलेला असतो. जी पेशी उरली नाही तिला वाचवता येत नाही.

माणसांवर करून पाहिलं गेलंच नाही असंही नाही. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन देऊन लहान चाचण्या झाल्या. मोजक्या बायका, थोडे आठवडे, आणि काहींमध्ये हालचालीत थोडी सुधारणा. पार्किन्सन्स असलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन केलेल्या २००६च्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा ठोस फरक दिसला नाही. मेंदूत बनणाऱ्या एका स्टेरॉलच्या धर्तीवर तयार केलेलं डाल्झानेमडॉर हे औषध पार्किन्सन्समुळे विचारशक्ती मंदावलेल्या रुग्णांवर तपासलं गेलं. २०२४ साली ती चाचणी अपयशी ठरली. दुसरीकडे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हेच औषध म्हणून बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं, आणि त्याच जातीची झुरानोलोन ही गोळी २०२३ साली. म्हणजे या रेणूंपासून उपयोगी औषध होऊ शकतं, हे सिद्ध झालेलं आहे. मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे. पण आज पार्किन्सन्ससाठी मान्यता मिळालेलं एकही न्यूरोस्टेरॉइड औषध जगात कुठे नाही.

आणि डीएचईएची कॅप्सूल? शरीरात त्याचा पुढचा प्रवास टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनकडे होतो. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन प्रोजेस्टेरॉनच्या फाट्यावरून बनतं आणि डीएचईए त्या फाट्यावर परत जात नाही. व्हिडिओत जे कमी झाल्याचं सांगितलं, ते या कॅप्सूलने भरून निघण्याचा मार्गच नाही. उलट चेहऱ्यावर पुरळ, नको तिथे केस, आणि स्तनाच्या किंवा बीजकोशाच्या (अंडाशयाच्या) कर्करोगाचा धोका असेल तर अधिकची काळजी. आपल्याकडे हे औषध वंध्यत्वाच्या उपचारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात, तो विषय वेगळा. आईंना ते देऊ नका.

'मग निदान इस्ट्रोजेन तरी?' असं तुमच्या मनात येईल. ५९व्या वर्षी, पाळीचा विषय संपून सत्तावीस वर्षं झाल्यावर, नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर झालेली संप्रेरकांची मोठी चाचणी २००२ साली मधेच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. पुढच्याच वर्षी कळलं, की ६५ वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये त्याने स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाला होता. तोवर मेंदूला संप्रेरकाने संरक्षण मिळेल असंच अनेक शहाण्या माणसांना वाटत होतं.

(हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी एक. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ज्या एन्झाइमला अडवतं, तेच अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनवायला लागतं. हे वाचून घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. मनःस्थिती खालावल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा.)

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या चार ओळींत लिहिला आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पाळी जायच्या वयाआधी बीजकोश काढलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. २००८ साली त्यांनी नोंदवलं, की अशा स्त्रियांमध्ये पुढे पार्किन्सन्ससारखी लक्षणं येण्याचा धोका वाढलेला होता. म्हणजे तुमची शंका निराधार नाही. पण तीन गोष्टी तिच्याशेजारी ठेवा. पहिली, ती नोंद बीजकोश काढण्याबद्दल आहे. आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हणताना कधी नुसतं गर्भाशय काढलेलं असतं, कधी दोन्ही बीजकोशही. आईंना विचारा, ऑपरेशननंतर लगेच अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं, झोप उडणं सुरू झालं होतं का? झालं असेल तर बीजकोश गेले असण्याची शक्यता जास्त. जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर उत्तमच. दुसरी, धोका वाढतो म्हणजे आजार होतोच असं नाही. बीजकोश काढलेल्या बहुसंख्य बायकांना पार्किन्सन्स होत नाही, आणि हा आजार पुरुषांना बायकांपेक्षा जास्त होतो. वय, जनुकं, शेतातली काही कीटकनाशकं, अशा अनेक धाग्यांचा त्यात हात असतो. एका माणसाच्या बाबतीत नेमकं कारण कुणीच दाखवू शकत नाही.

तिसरी गोष्ट आजी आणि वडिलांबद्दल. राज्य सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. इतक्या घरांत एकाच वेळी सासवा आणि नवरे दुष्ट नव्हते. पाळीत एक दिवस उसाच्या फडावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, लागायचा, उचल फिटायची नाही, फडात ना पाणी ना आडोसा. त्यात पोटदुखीसाठी दवाखान्यात गेलं की 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली जायची. तुमचे वडील आता उत्तर द्यायला नाहीत. त्यांना काय सांगितलं गेलं होतं आणि आई स्वतः काय म्हणाल्या होत्या, हे एकदा आईंनाच शांतपणे विचारा. तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना पाठवलं गेलं. कदाचित तसंच असेल. कदाचित त्या म्हणतील की मीच कंटाळले होते. राग ठेवायचा असेल तर तो योग्य जागी ठेवता येईल, आणि रागाच्या भरात औषध निवडलं जाणार नाही. मला पत्र वाचताना वाटलं, की ती कॅप्सूल तुम्हाला हवी आहे ती काही अंशी आईंचं गेलेलं परत देण्यासाठी. ती इच्छा मला समजते. कॅप्सूलने ती पुरी होणार नाही.

त्या ऑपरेशनची माहिती आज एका ठिकाणी मात्र खरंच कामाला येईल, हाडांसाठी. लहान वयात बीजकोश गेले की हाडांची झीज लवकर सुरू होते. त्यावर पार्किन्सन्स, ज्यात तोल जाऊन पडण्याची भीती. त्यावर पाच महिन्यांच्या पुड्या. हे तिन्ही एकत्र आले की खुब्याचं हाड मोडणं फार सोपं होतं, आणि खुबा मोडलेला पार्किन्सन्सचा रुग्ण अंथरुणाला खिळतो. तेव्हा कॅप्सूलचे पैसे ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांवर घाला. हाडांचं औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी, रात्री दिवा, उंबऱ्याजवळची गोधडी-पोतं बाजूला, हे मात्र आजच करता येईल.

गोळी लागू पडत नाही म्हणता, त्याकडे येऊ. पार्किन्सन्सची चार वर्षं झाली की एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही, हे अनेकांचं होतं. औषध 'संपलं' असा त्याचा अर्थ नाही. गोळीच्या वेळा जवळ आणणं, मात्रा बदलणं, जोडीला दुसरी गोळी देणं, हे सगळे मार्ग डॉक्टरांकडे शिल्लक आहेत. तुम्ही लिहिलंय, की सवय लागू नये म्हणून दुपारची गोळी कधीकधी अर्धीच देता. असं करू नका. नेदरलँड्समध्ये लेव्होडोपा लवकर सुरू केलेल्या आणि चाळीस आठवडे उशिरा सुरू केलेल्या रुग्णांची तुलना झाली, त्याचा निकाल २०१९ साली आला. उशीर करून काही राखून ठेवता आलं नाही, आणि लवकर दिल्याने आजार वाढलाही नाही. गोळी अचानक पूर्ण बंद करणं तर धोक्याचं आहे, तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

लेव्होडोपा आतड्यातून आत जाताना प्रथिनांशी त्याची स्पर्धा होते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, पाण्याबरोबर द्या. दुधाबरोबर नको. वरण, मटकी, अंडं बंद करायचं नाही, आई आधीच बारीक आहेत असं तुम्ही लिहिलंय. फक्त गोळी आणि जेवण यांत अंतर हवं. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यातही किमान दोन तासांचं अंतर. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपाय करा, पोट साफ नसलं की गोळीही नीट पोहोचत नाही. आणि कुणी खाजकुहिलीच्या बियांची भुकटी सुचवली तर लक्षात ठेवा, तिच्यात खरोखर लेव्होडोपा असतं. डॉक्टरांना न सांगता ती घेणं म्हणजे मात्रा किती झाली याचा पत्ता नसणं.

आणखी एक, जे मला फार वेळा दिसतं. तुम्ही लिहिता की आईंना सकाळी 'गॅसची कॅप्सूल' आणि चक्कर आली की 'चक्करची गोळी' देता. दोन्हींच्या पाकिटांवरची नावं आज वाचा. गॅसच्या कित्येक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन. ही औषधं डोपामाइनचं काम अडवतात किंवा मंद करतात. निरोगी माणसालाही त्यांनी कंप आणि ताठरपणा येऊ शकतो, आणि पार्किन्सन्स असलेल्याचा आजार वाढल्यासारखा दिसतो. आईंची गोळी 'लागू न पडण्याचं' कारण असं एखाद्या दहा रुपयांच्या पट्टीत निघू शकतं. नाव सापडलं तर डॉक्टरांना विचारून ती बदलून घ्या. मळमळीसाठी बहुधा डॉम्पेरिडोन चालतं, पण तेही हृदयाची माहिती देऊन. चक्कर उठताना येत असेल तर ती बहुधा रक्तदाब पडल्याची असते, चक्करच्या गोळीने ती जात नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे जायला भाऊ तयार नाही, कारण मागच्या वेळी पाच मिनिटांत चिठ्ठी हातात दिली म्हणता. पाच मिनिटांतही बरंच होतं, जर तुम्ही तयारीने गेलात तर. तीन दिवस वहीत लिहा. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, अंग कधी मोकळं झालं, कधी पुन्हा जखडलं, नको असलेल्या हालचाली कधी आल्या. जखडलेली आणि मोकळी, दोन्ही अवस्थांत चालतानाचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, उदास बसणं, भास, तेही लिहा. या आजारात उदासी हे मेंदूतल्या बदलांचंच एक लक्षण असू शकतं आणि तिच्यावर उपचार आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी, म्हणजे तिथलं शासकीय वैद्यकीय रुग्णालय, आहे. दरवेळी तिथवर जाणं जमणार नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून दूरूनच सल्ला घेण्याबद्दल तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लेव्होडोपा-कार्बिडोपा अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथली माणसं या आजारासोबत जगणारीच आहेत, त्यांच्याशी बोललात तर तुम्हालाही धीर येईल. आणि रोजचं चालणं. सकाळची गोळी लागू झाल्यावर, मोठी पावलं, हात हलवत, कुणीतरी सोबत. औषधाच्या जोडीला इतका भरवशाचा दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

राहता राहिल्या तुम्ही. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. बहुतेक वेळा ते साधं असतं किंवा जंतुसंसर्गाचं असतं, आणि काही दिवसांच्या औषधाने बरं होतं, कधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. गर्भाशयमुखाची तपासणी मात्र नक्की करून घ्या, जिल्हा रुग्णालयात ती होते. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्यांना विचारा, आजाराचं नाव काय, तो गर्भाशयात आहे की बीजकोशात, औषधाने काय करून पाहिलं, आणि ऑपरेशन लागलंच तर बीजकोश ठेवणार का. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, शक्यतो सरकारी महाविद्यालयातल्या. एखाद्या खऱ्या कारणाने कमी वयात दोन्ही बीजकोश काढावेच लागले, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन घेण्याबद्दल तज्ज्ञांशी बोलायचं असतं. ती गोष्ट आईंना ५९व्या वर्षी ते देण्यापेक्षा अगदी वेगळी आहे. तुमच्या ३३व्या वर्षी बीजकोश जपणं हा तुमच्या मेंदूसाठी, हृदयासाठी आणि हाडांसाठी आज हातात असलेला निर्णय आहे. आईंना तो बहुधा कुणी विचारलाच नव्हता.

भावाशी वाद घालू नका. तो स्वतः कोयता धरून जे कमावतो त्यातून आईसाठी पुड्या आणतो, कॅप्सूल आणायला निघाला आहे. त्याला थोपवायला 'तू चुकतोस' म्हणून चालणार नाही, पैसे कुठे लावायचे ते ठोस सांगावं लागेल. एक न्यूरोलॉजिस्टची फेरी, दोन तपासण्या, न्हाणीघरातली दांडी, वर्षभराच्या गोळ्या. यादी त्याला फोनवर वाचून दाखवा. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, तो गावी आला की गोळ्या-जेवणाची वही त्याच्या हातात द्या, आणि पुढच्या तपासणीला आईंना त्यालाच घेऊन जाऊ दे.